कोपराला लावलेला बिबा

ये, अशी जवळ ये. आणखी जवळ. फोनवर हे सांगता येत नाही म्हणून वही घेऊन बसले आहे. वाचशील तेव्हा माझ्याशेजारी मांडीला मांडी लावून बसली आहेस असं समज, आणि आधी चार बोलणी खाऊन घे. एवढी शिकलेली पोट्टी तू, अन् मोबाइलमधल्या कोण्या बाईनं सांगितलं म्हणून कोपरांवर लिंबू-सोडा घासत बसलीस? घासताना आग झाली तेव्हा तरी थांबायचं होतं. चामडी आपली आहे, तव्याचं बूड नाही.

आणि एवढ्यावर थांबली असतीस तर मी हसले असते. पण परवा फोनवर तू किती सहज विचारलंस, "आजी, तुह्याजोळ बिबा असंन काय व? माहे कोपरं लय खरखरीत झाले. माय म्हणते आजीजोळ जालीम औषध असते."

मी फोनच ठेवून दिला. तुला वाटलं असेल रेंज गेली. रेंज नव्हती गेली, बाई. मीच फोन ठेवला, अन् ही वही शोधायला लागले.

तुझ्या ताईची, मामाच्या पोरीची, पोलीस भरती हुकली, एवढंच आम्ही तुम्हा चांदूर बाजारवाल्यांना कळवलं होतं. "गोळाफेकीत मार्क कमी पडले," असं तुझ्या मामानं सांगितलं. ते खरंच आहे. पण गोळाफेकीत मार्क का कमी पडले, हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. तिनंही सांगितलं नाही. आता तुला सांगते. नाही सांगितलं तर तू दुसऱ्या कोणाकडून तरी बिबा आणशील.

तुझी ताई माझ्याकडे अकोल्याला राहायला आली ती भरतीसाठीच. तुझा मामा-मामी तिकडे गावी माळवं पिकवतात, पहाटेपासून वांगी-मेथीच्या मागे. तिथं कुठली अॅकॅडमी अन् कुठलं ग्राउंड? म्हणून जुन्या शहरातल्या माझ्या दोन खोल्यांत तिची पेटी आली. उजाडायच्या आधी ती मोर्णा नदीच्या पुलावरून पळत ग्राउंडवर जायची आणि घामानं निथळत परत यायची. पहिल्या वर्षी ती धावण्यात मागे पडली, दुसऱ्या वर्षी लेखी परीक्षेत. वयाच्या अटीत बसणाऱ्या दोनच खेपा उरल्या होत्या. तिनं भिंतीवर काही लिहून चिकटवलं नव्हतं, पण घरात कोणी तांब्याही वाजवत नसे, अशी ती अभ्यासाला बसायची.

त्या तिसऱ्या वर्षी अॅकॅडमीत नवे सर आले. ते मुलींना मुरमाच्या जमिनीवर कोपरं टेकून सरपटायला लावायचे. ताकद वाढते म्हणे. ताकद वाढली असेल, पण पोरीची कोपरं वाळलेल्या संत्र्याच्या सालीसारखी झाली. काळी, टणक, वर पांढरी भुकटी अन् मधून भेगा. अंग पुसताना टॉवेलाचे धागे त्यात अडकायचे. तिला त्याचं काहीच नव्हतं. मलाच ते बघवत नव्हतं.

मग सुरू झाले माझे उपाय. आधी दुधाची साय अन् हळद. ती सकाळी तशीच ग्राउंडवर गेली तर बाह्या पिवळ्याधमक, अन् सोबतच्या पोरी म्हणाल्या, "काय व, हयद लागली काय तुले? सांगतलं बी नाई!" मग मी अर्ध्या लिंबावर साखर टाकून चोळलं. लिंबू भेगेत उतरलं तशी ती टुणकन उठली.

"आजी, हे कोपर हाय व, लोणचं नाई!"

दोघी खूप हसलो त्या दिवशी. नंतर मी पाय घासायची वजरी घेतली, त्यानं रक्त निघालं. मग गुमान सगळं बाजूला ठेवलं आणि जवसाचं तेल आणलं, आपल्या तेलघाणीवरचं. तिची आंघोळ झाली की ओल्या कोपरांवर कोमट तेल चोपडायचं आणि जुन्या सुती मोज्याचं तोंड कापून वर चढवायचं. पंधरा दिवसांत टॉवेलाचे धागे अडकायचे थांबले. भेगा मिटायला लागल्या. मी तिथंच थांबायला पाहिजे होतं. आज ज्या ज्या वेळी हे आठवतं, त्या मोज्यापाशी येऊन मी अडते. पुढचं न घडतं तर काय बिघडत होतं?

पण बाजारात मला एक बाई भेटली. पूर्वी मी हार विकायला बसायची तेव्हा माझ्या शेजारी ती लिंबं-मिरच्या घेऊन बसायची. तिनं ताईला पाहिलं होतं.

"तुमची नात पोलिसात जाऊन राहिली नं? मंग तिच्या कोपराचं पाहा बाप्पा काही. माह्या बहिणीच्या पोराले चट्ट्यावरून भरतीतून काढलं त्याईनं. सारं पास झालता थो. आंग पाह्यलं, चट्टा दिसला, चाल घरी."

"अवो, ते चट्टे नाईत. घासून झालं ते."

"तुमाले माईत, मले माईत. डॉक्टरले काय माईत?"

भाजी न घेताच मी घरी आले. तीन वर्षं पोरगी पहाटे उठली, अन् कोपरासाठी बाद होणार? मी तिला विचारलं.

"आजी, मेडिकल मंग असते," ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली. "आधी ग्राउंड, मंग पेपर, मंग लिस्ट लागते, अन् मंग मेडिकल."

"पण असते तं खरं नं?"

"असते. पण कोपराले कोणी बाद करत नाई."

"तुले काय माईत? त्या बाईच्या भाच्याले केलं."

"त्याले दुसरं काही असंन."

ती शहाणी होती. मीच घाबरले होते. ग्राउंडला, म्हणजे धावण्या-गोळाफेकीच्या परीक्षेला, आठ दिवस राहिले होते, आणि मला ते आठ दिवस मेडिकलचेच वाटत होते. रात्रंदिवस मला एकच दिसायचं. ती रांगेत उभी आहे, कोणीतरी तिचा हात उचलून कोपर बघतो आणि तिला बाजूला काढतो. जवसाच्या तेलानं फरक पडत होता, पण हळूहळू. मला हळूहळू नको होतं.

आणि मला माझ्या मायचा बिबा आठवला.

तू बिबा कधी पाहिलेला नाहीस. काळं, टणक, बोरापेक्षा लहान फळ असतं. त्याच्या आत डांबरासारखं तेल. कपड्यावर पडलं तर कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. माझी माय वाफ्यात पाणी देताना दिवसभर चिखलात उभी असायची. तिच्या टाचांना बोट जाईल अशा भेगा पडायच्या. मग ती बिब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायची, तेल चरचरून बाहेर आलं की त्याचा थेंब भेगेत सोडायचा. आठ-पंधरा दिवसांत टाच भरून यायची. मी माझ्या टाचांवरही केलं आहे. टाचेची चामडी जाड असते, ती सोसते. कोपराला कोणी लावलेला मी कधीच पाहिला नव्हता. हे तेव्हाही मला ठाऊक होतं बरं का. ठाऊक नव्हतं असं म्हणून मी सुटणार नाही.

जडीबुटीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारा, ओळखीचा. पुडी बांधता बांधता त्यानं विचारलं, "टाचेसाठीच पायजे नं, बाई?"

मी हो म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्यानं दिला नसता, हे मला कळत होतं, म्हणूनच हो म्हणाले.

ताई नाहीच म्हणत होती. एकदा नाही, तीनदा. "आजी, उतला तं?" म्हणाली. आपल्याकडे बिब्याच्या तेलानं अंगावर फोड आले की बिबा उतला म्हणतात.

"माह्या हातचा कधीच उतत नाई," मी ठणकावून म्हणाले. तरी ती ऐकेना, तेव्हा मी रडले. खरंच रडले, पण त्या रडण्याचा काय उपयोग होईल तेही मला माहीत होतं. तिनं पुस्तक मिटलं. "बरं, लाव. पण रडू नको व."

दुपारची वेळ होती. मी दिवा लावला, सुई टोचली, थेंब थेंब दोन्ही कोपरांच्या भेगांत सोडला. वरून चुना लावायचा असतो, तोही लावला. मग ती पुन्हा अभ्यासाला बसली. पाठ करताना तिला हाताची घडी घालून बसायची सवय आहे, तू पाहिलं असशील. दोन्ही तळवे उलट्या कोपरांखाली. तशी ती दोन तास बसली अन् कायद्याची कलमं म्हणत राहिली. मी समोर वाती वळत होते. माझ्या ध्यानातच आलं नाही. टाचेला लावलेला बिबा टाचेलाच राहतो. कोपराला लावलेला हातभर फिरतो.

दुसऱ्या दिवशी खाज सुटली. तिसऱ्या दिवशी दोन्ही हातांवर साबुदाण्यासारखे फोड उठले. कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळव्यांवर. बोटं सुजून एकमेकांना लागली. शेजारची बाई दारातूनच म्हणाली, "अवं माय, बिबा उतला व!"

मी वेडी झाले. बिब्यावर खोबरं लावतात म्हणून सुकं खोबरं चावलं, चावून चावून त्याचा चोथा लावला. माझे दात ते किती उरले, तरी जबडा दुखेपर्यंत चावत राहिले. दुधात तीळ वाटून लावले. कोथिंबिरीचा रस लावला. कोणी चिंचेचा पाला म्हणालं तर पाला आणायला उन्हातून अनवाणी गेले. चप्पल घालायचं सुचलं नाही. देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही. ती खाटेवर दोन्ही हात अधांतरी धरून बसली होती, कुठंच टेकवता येत नव्हते. मी भरवलं तसं खाल्लं. एकदा फक्त तिनं विचारलं,

"आजी, फेकीचा गोया पकडता येईन नं मले?"

"येईन व माय. काहून नाई येणार?"

मग मी तिला पुलापलीकडच्या चामडीच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण बाई होती. हात बघून तिनं पेन खाली ठेवलं.

"काय लावलंय यावर?"

"बिबा," मी म्हणाले.

"कोणी लावला?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तुझी ताई म्हणाली, "मीच लावला, मॅडम. मोबाइलवर पाह्यलं होतं."

डॉक्टर तिला बोलल्या. चांगलं पाच मिनिटं बोलल्या. शिकलेल्या मुली असं करतात, पोलीस व्हायचंय म्हणे, स्वतःचा हात सांभाळता येत नाही, लोकांना काय सांभाळणार? ती मान खाली घालून ऐकत होती. मी शेजारच्या खुर्चीवर पदर तोंडाला लावून बसले होते. मी बोलले नाही. "मी लावला" हे दोन शब्द होते. त्या पाच मिनिटांत ते मला शंभरदा म्हणता आले असते.

मग आवाज उतरवून डॉक्टर म्हणाल्या, "कोपर खरखरीत झालं ते घासून घासून झालं. चामडी घासली जाते तशी ती जाड होते. मग तुम्ही ती आणखी घासता. जे घासून जाड झालं ते घासून पातळ कसं होईल? आंघोळीनंतर ओल्या अंगावर साधं तेल लावायचं, कोपराखाली मऊ कापड ठेवायचं, आणि वाट बघायची."

"तेलच लावत होतो," ताई हळूच म्हणाली.

"मग का सोडलंत?"

मग डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, चिठ्ठी दिली, भरतीची तारीख पुढे मिळते का बघा म्हणाल्या.

ग्राउंड अमरावतीला होतं. आदल्या दिवशीच गेलो, ओळखीच्यांकडे थांबलो. सकाळी फाटकाशी पोरींची ही लांब रांग, प्रत्येकीच्या हातात फाइल. तुझ्या ताईच्या हातांना बोटांपर्यंत पट्ट्या होत्या, तिची फाइल मी धरली होती. फाटकावर एक महिला पोलीस होती. मी तिचा हातच धरला.

"बाई, हिचे हात पाहा वो. आठ दिवसानं घ्या हिची परीक्षा. सायबाले सांगा. लेकराची काही चूक नाई."

"आजी, हात सोडा आधी," ती म्हणाली, पण रागानं नाही. "चिठ्ठी तिच्याजोळ द्या, ते पोरगी आत दाखवीन. तुमाले इथून पुढं येता येत नाई."

"मी पाया पडते तुमच्या."

"आजी, माह्या पाया पडून काय होते? मी बी अशाच रांगेतून आली. जाऊ द्या तिले, उशीर होऊन राहिला."

फाइल घेऊन ताई आत गेली. मागे वळून तिनं मला नुसती मान हलवली, म्हणजे बस तिथं. मी भिंतीच्या सावलीला बसले. आतून शिट्टी ऐकू यायची, नंबर पुकारल्याचा आवाज यायचा, पण कोण धावतंय ते दिसायचं नाही. भिंतीला एखादी फट असेल म्हणून मी त्या टोकापासून या टोकापर्यंत चाचपत गेले. बाजूला बसलेल्या एका बापानं विचारलं, "तुमचं कोण हाय आत, आजी?"

"नात."

"मेहनत घेतली असंन पोरीनं."

"घेतली बाप्पा. लय घेतली," म्हणाले, आणि तोंड फिरवलं.

ती बाहेर आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पट्ट्या नव्हत्या. आत तिला विचारलं होतं म्हणे, तारीख पुढे मिळत नाही, परीक्षा आज द्यायची की गैरहजर लिहायचं? तिनं आज म्हणून सांगितलं.

"धावणं मस्त झालं आजी," ती आधी म्हणाली. "आतापरेंत कधी इतकं पयाली नाई मी."

"अन् गोया?"

तिनं रस्त्याकडे बघितलं. "तीन चान्स असतात. पट्ट्यानं घसरते म्हणून सोडल्या. पयला हातातूनच सुटला. दुसरा जरासा गेला. तिसऱ्याले फोड फुटले, गोया ओला झाला." मग लगेच म्हणाली, "चाल, भूक लागली मले."

पेपरला कोणाला बसवायचं त्याची यादी लागली. दोन मार्कांनी गेली. मोबाइलवर तिनंच पाहिलं, तिनंच मला सांगितलं, अन् उठून भांडी घासायला लागली. मी घासते म्हटलं तर म्हणाली, "राहू दे, तू थकली." एखाद्या पोरीनं आदळआपट केली असती, मला बोलली असती. मी वाट बघत होते तिनं बोलावं म्हणून. ती मात्र महिन्याभरात अमरावतीजवळ नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात कामाला लागली, तिथंच दोन पोरींसोबत खोली केली. पेटी घेऊन गेली.

तेव्हापासून अकोल्याला ती एकदाच आली, दिवाळीत, अर्ध्या दिवसापुरती. अंगात मनगटापर्यंत बाह्या. फोड बरे झाले पण डाग राहिले, हे तुझ्या मामीनं सांगितलं. मला ती दाखवत नाही. पाण्याचा गिलास घ्यायला हात पुढे केला, तेव्हा दुसऱ्या हातानं बाही खाली धरली. फोन केला की बोलते, हसते सुद्धा, पण दोन मिनिटांत म्हणते, "आजी, शिफ्ट हाय." कधी कधी मागे यंत्राचा आवाज नसतो, तरी शिफ्ट असते.

तुझ्या कोपरांचं म्हणशील तर लिंबू-सोडा फेकून दे. आंघोळीनंतर तेल लाव. खोबरेल लाव, जवसाचं लाव, काहीही लाव, पण अंग ओलं असताना लाव. अभ्यासाला टेबलावर कोपरं टेकून बसतेस, तिथं जुन्या ओढणीची घडी ठेव. महिना लागेल. लागू दे. आणि बिब्याचं नाव पुन्हा काढू नको, तुझ्या मायलाही सांग.

आता खरं ते लिहिते. तिची शेवटची खेप जवळ आली आहे. फॉर्म भरला आहे, कामावरून सुटली की ती ग्राउंडवर जाते. मामी म्हणते, कोपरं पुन्हा भेगाळली आहेत आणि ती त्यावर काहीच लावत नाही. तेलसुद्धा नाही. कोणी काही लाव म्हटलं की उठून जाते. माझ्यामुळे पोरीचा घरच्या हातावरचा भरवसा गेला. एक खेप मी घालवली. दुसरीच्या आधी ती माझ्यासमोर दहा मिनिटं बसली पाहिजे. त्या डॉक्टरसमोर मी गप्प बसले, ते तिला सांगायचं आहे. फोनवर सांगायला गेले की ती "जाऊ दे व आजी" म्हणते, अन् मी जाऊ देते. किती दिवस जाऊ देऊ? माझंही वय थांबलेलं नाही.

तुझं ती ऐकते. लहानपणापासून ऐकते. तिला सुट्टी कधी असते ते विचारून घे, नांदगाव पेठेला उतर, तिच्या खोलीवर जा आणि तिला सोबत घेऊन इकडं ये. आजी आजारी आहे असं खोटं सांगू नको. आजी बोलावते एवढंच सांग. नाही म्हणाली तर तू एकटी ये, पण ये. पुढच्या महिन्यावर टाकू नको, बाई. या रविवारी जमलं तर याच रविवारी येजो.